आईच्या वाटची कलेजी

एका कोंबडीत कलेजी निघते एकच. दोन पाकळ्यांची, तळहातावर मावेल एवढी. पेटा, म्हणजे कोंबडीचं जठर, एक; दिल एक. आमच्या घरात या तीन वस्तूंची वाटणी ठरलेली होती. कलेजी आप्पांची, म्हणजे वडिलांची. पेटा भावाचा, कारण त्याला चावायला आवडायचं. दिल, हट्ट केला तर, माझं. आईच्या वाट्याला स्वयंपाक यायचा.

आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. आप्पा अंबडच्या एका कारखान्यात होते. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन चिकनच्या दुकानात जायचे, डोळ्यांसमोर कोंबडी कापून घ्यायचे आणि आतलं सामान वेगळ्या छोट्या पिशवीत बांधून आणायचे. ती पिशवी ते स्वतः आईच्या हातात द्यायचे. चिकनची पिशवी ओट्यावर ठेवली तरी चालायची, ही नाही.

आईचा हात या कामात फार चांगला होता. कलेजीला चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी ती नखाने अशी अलगद सोडवायची की थेंबही सांडायचा नाही. ती फुटली की सगळं कडू होतं आणि कितीही धुतलं तरी जात नाही. पेटा चिरून आतली पिवळी कातडी सोलून काढायची, मग तो मिठाने चोळून धुवायची. पेटा आधी कुकरला लावायचा, कारण तो शिजायला वेळ खातो. कलेजी मात्र शेवटी, कांदा लसूण आणि काळा मसाला तेलात परतून झाला की टाकायची. आत लाली राहता कामा नये, पण जास्त झाली तर भुशासारखी कोरडी पडते. आई झाकण काढून एक तुकडा चमच्याने दाबून बघायची आणि गॅस बंद करायची. मीठ बघायला ती मसाला बोटावर घेऊन चाटायची. तुकडा तोंडात टाकताना मी तिला कधी पाहिलं नाही.

आप्पा ग्लास घेऊन बसलेले असायचे. स्टीलच्या ताटलीत सुकं जायचं. मग आमची जेवणं व्हायची. सगळ्यांचं झालं की आई बाजरीच्या भाकरीने ती कढई पुसून खायची. तळाला लागलेला मसाला, एखादा कांद्याचा काळपट तुकडा. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला एवढंच गोड लागतं."

तिला आणखी एक गोष्ट गोड लागायची. पाटीवरची पेन्सिल. ती शाळेची पेन्सिल करकर चावून खायची. तांदूळ निवडताना कच्चे दाणे मुठीने तोंडात टाकायची. घरात हा चेष्टेचा विषय होता. पाहुणे आले की आप्पा हमखास सांगायचे, "आमच्याकडे पाटी फुटली तरी चालते, पेन्सिली काही उरत नाहीत." लोक हसायचे. आईही पदर तोंडाला लावून हसायची.

ही सगळी माझ्या लहानपणची गोष्ट. पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकरोडला आले, नोकरी धरली. भाऊ पुण्याला गेला. आप्पा निवृत्त झाले. रविवारची पिशवी येत राहिली, फक्त पेटाही आता आप्पांच्याच ताटलीत जाऊ लागला.

मग चांदवडला, आईच्या माहेरी, एक साखरपुडा होता. हॉलच्या चार पायऱ्या चढून आई मधेच खाली बसली. उठेना. ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. बायका पदराने वारा घालू लागल्या. आप्पा बाजूच्या माणसाला म्हणाले, "ऊन लागलं असेल. पाणी द्या, होईल नीट." आणि जेवायच्या पंगतीकडे वळले.

मी दुसऱ्या दिवशी तिला नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. बाई डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. नखं पांढरी तर होतीच, पण मधे खोलगट, चमच्यासारखी झाली होती. रक्त तपासून आलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाल्या, "या स्वतःच्या पायांनी चालत आल्या? आधी ॲडमिट करा, रक्त चढवावं लागेल."

मग त्या आईकडे वळल्या. "आई, कच्चे तांदूळ, खडू, माती, असं काही खावंसं वाटतं का तुम्हाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला तिचा. खालमानेने म्हणाली, "पेन्सिल खाते. लय वर्षं झाली."

"लोह कमी पडलं की असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "शरीर मागत असतं. माणसाला वाटतं सवय आहे."

मी तिथे उभी होते आणि माझ्या कानात आप्पांच्या पाहुण्यांचं हसणं वाजत होतं. तारुण्यात आईला दर महिन्याला खूप रक्त जायचं, हे मला माहीत होतं. तेव्हा कोणी दवाखान्यात नेलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, आता कुठूनही रक्त जात नव्हतं, दुसरं काही आजारपण नव्हतं. वर्षानुवर्षं भरून न निघालेली तूट होती ती. आणि तीच बाई दर रविवारी, लोह आणि बी-बारा ज्यात ठासून भरलेलं असतं, ती वस्तू स्वतःच्या हातांनी धुऊन, शिजवून, दुसऱ्याच्या ताटलीत वाढत होती.

आप्पा संध्याकाळी दवाखान्यात आले. डॉक्टर तिथेच होत्या. त्यांनी सांगितलं, गोळ्या देते, पण खाण्यातही बदल पाहिजे. तुम्ही खाणारे आहात तर सोपं आहे. कोंबडीची कलेजी आठवड्यातून एकदा-दोनदा द्या, पूर्ण शिजवलेली, वर लिंबू पिळून. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही.

"कलेजी तर आमच्याकडे दर रविवारी असते," आप्पा म्हणाले.

"मग या खात नाहीत?"

आप्पांनी आईकडे पाहिलं. खरोखरच नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तिला कोणी खाऊ नको म्हटलं होतं का?"

आई सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

आणि हे खरं होतं. तिला कोणीही, कधीही, खाऊ नको म्हटलं नव्हतं. मला आजही त्या वाक्याचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. कारण त्यात खोटं काहीच नाही. त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही.

दवाखान्यातून मी आईला माझ्या घरी आणलं. पहिल्याच आठवड्यात दुकानातून नुसतीच कलेजी आणि पेटे आणले. आजकाल तसे सुटे मिळतात. तिच्या पद्धतीने केलं, लिंबू पिळलं आणि तिच्यासमोर ताट ठेवलं. तिने कलेजीचे तुकडे एकेक करून ताटाच्या कडेला सारले आणि रस्सा कालवून भाकरी खाऊ लागली.

"आई, ते खा ना."

"जावयाला ठेव."

"ते जेवले."

"पोरांना?"

"पोरांनाही दिलंय. हे तुझं आहे."

तिने एक तुकडा उचलला. गोळी गिळतात तसा गिळला. मग दुसरा. मी समोर बसून राहिले. पुढच्या वेळी ती मला म्हणाली की पेटा अजून मऊ व्हायला हवा, आणखी शिट्ट्या घे. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, काळा मसाला कमी आहे. आणि एका दुपारी, जेवता जेवता, ती थांबली.

"लय गोड लागतीय गं," ती म्हणाली. "कलेजी अशी लागते होय? मला वाटायचं, वासावरून, की कडसर असंल."

मी उठून आत गेले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं मला.

हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. जिना चढताना थांबेनाशी झाली. पेन्सिलीचं नावही काढलं नाही तिने; म्हणाली, आता आठवणच येत नाही. मला वाटलं, जिंकलो.

आप्पांचे फोन सुरू झाले होतेच. मेसचा डबा पचत नाही. भाकरी चिवट असते. धुणं साचलंय. तब्येत कशी आहे हा प्रश्न शेवटी असायचा, कधी कधी नसायचाही. आई म्हणाली, "जाते आता. त्यांचे हाल होत्यात." मी तिला सोडायला गेले तेव्हा आप्पांसमोर स्वच्छ शब्दांत सांगितलं, रविवारी कलेजी आईच्या ताटात जाईल. ते "हो, हो" म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पांचा पायाचा अंगठा सुजला. लालभडक, चादर लागली तरी ओरडायचे. युरिक ॲसिड निघालं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दारू बंद, कलेजी-पेटा बंद, प्राण्याच्या आतलं काही खायचं नाही. आप्पांनी दारू थोडी कमी केली. कलेजी मात्र एकदम बंद केली, सगळ्या घरासाठी.

मला हे कळलं दोन-तीन महिन्यांनी. मधे मुलांच्या परीक्षा होत्या, मी फोनवरच बोलायचे आणि आई म्हणायची, "सगळं चांगलं हाय." एका दुपारी अचानक गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिचा हात हातात घेतला. नखं पुन्हा पांढरी.

"गोळ्या?"

"पोट कडक होतंय त्यानं. बंद केल्या."

"आणि कलेजी?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं. आप्पा पलंगावर पाय लांब करून बसले होते. "घरात आणत नाही आता. दुकानदारालाच सांगतो, आतलं काढून ठेव."

"तुम्हाला बंद आहे, आप्पा. आईला नाही."

"वास येतो ना घरभर. मला खाता येत नाही आणि माझ्यासमोर बाकीच्यांनी खायचं? एवढं तरी कळायला पाहिजे माणसाला."

"ती इतकी वर्षं तुमच्यासमोर काय करत होती?"

"तिला आवडत नव्हती," ते म्हणाले. "विचार तिला."

आईने सुपातले तांदूळ डब्यात ओतले आणि चहाचं आधण ठेवलं.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, या वयात आप्पा काय बदलणार? तू डबा देत जा ना, तू जवळ आहेस." त्याचं बरोबर होतं, मी जवळ होते. मी डबा देऊ लागले. रविवारी सकाळी करून, रिक्षाने सिडकोला. आई तो डबा मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडाजवळ उभी राहून खायची, भराभर, दार लोटून. हे शेजारणीने सांगितलं मला. काही आठवड्यांनी आई म्हणाली, "नको आणत जाऊ. हे दिवसभर बोलत नाहीत माझ्याशी. गिळवत नाय मग."

मी पुन्हा तिचं रक्त तपासून घेतलं. उतरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, अजून घसरलं तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल, आणि हृदयावर ताण येतोय तो वेगळाच.

त्यानंतर मी डबा नेणं बंद केलं आणि कच्चं सामान नेऊ लागले. रविवारी दुपारी सिडकोतल्या त्याच स्वयंपाकघरात जाऊन मी स्वतः कुकर लावते, कांदा परतते, कलेजी टाकते. खिडकी उघडत नाही. आईला टेबलाशी बसवते आणि तिचं ताट संपेपर्यंत समोर बसते. गोळ्यांचं पाकीट बदलून घेतलं, दुसऱ्या कंपनीच्या तिला सोसतात.

पहिल्या रविवारी आप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या रविवारी ते बाहेर निघून गेले आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसले. ओळखीच्या लोकांना ते सांगतात, मुलगी माझ्या घरात येऊन माझ्या नाकावर टिच्चून कलेजी परतते. माझ्याशी बोलणं बंद आहे. मीही बोलत नाही. त्यांच्यासाठी साधं चिकन वेगळ्या भांड्यात ठेवून येते, ते त्यांना बंद नाही. मी गेल्यावर खातात म्हणे.

आईचं रक्त आता बरं आहे. डॉक्टर खूश आहेत. घरात मात्र कोणी खूश नाही. आई मला एकदा सरळ म्हणाली, "तुझ्यापायी घरातलं बोलणं गेलं." मी विचारलं, "मग काय करू? येऊ नको?" ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

गेल्या रविवारी तिने ताटातली कलेजी पूर्ण संपवली. पेटाही. लिंबाची फोड चोखून बाजूला ठेवली. मी म्हटलं, "अजून वाढू?"

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर ऊन रणरणत होतं.

"ते जेवले नसतील अजून," ती म्हणाली. "तू निघ आता. म्हणजे ते घरात येतील."