हात ओळखणाऱ्या सिस्टर

"तोंड इसरंन मी, पण हात इसरायची न्हाई," असं म्हणत सिस्टर दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायच्या. कुरकुंभच्या आमच्या कंपनीतल्या फर्स्ट एडच्या खोलीत हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो आणि बाहेर येऊन त्यांची नक्कल करायचो. बाई पन्नाशीच्या, शिरूरकडच्या.

टाकीवर चढून काम करायचं तर आधी बीपी तपासायचा, असा नियम. जास्त निघाला की त्या दिवशी वर चढायचं नाही. दोन-तीनदा निघाला की ठेकेदार दुसरा माणूस बघणार. मी सव्वीस वर्षांचा होतो. डोकं ठणकायचं, पण ते मी रातपाळीवर ढकलायचो. बीपी म्हणजे आबा-आप्पांचं दुखणं, असं आमच्यातल्या कोणीही तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं असतं.

तरी भीती होतीच, म्हणून आम्ही तोडगा काढला होता. माझा खोलीतला जोडीदार कंपनीच्या कँटीनमध्ये वाढपी होता. कासुर्डीचा, तालमीत मुरलेला गडी. ज्याला धाकधूक असेल त्याचं हेल्मेट आणि मास्क चढवून, त्याचंच नाव सांगून हा आत जायचा आणि पास होऊन यायचा. बदल्यात एक चहा.

एकदा तो माझ्या नावानं गेला. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला आणि हवा न भरताच सोडला.

"हा हात परवा दुसऱ्याच नावानं आलता. ज्याचं नाव हाय त्याला धाड."

शे-दोनशे पोरांचे हात ही बाई कशी लक्षात ठेवत असेल? कोणाची शीर कुठं लागते, कोणाला भाजल्याचा डाग कुठं, सगळं पाठ. मला सख्ख्या भावाचा हात असा ओळखता यायचा नाही. आजही आठवलं की मी थक्क होतो.

मी मान खाली घालून गेलो. आता खरडपट्टी निघणार, अशी खात्रीच होती. सिस्टरांनी नुसती खुर्ची दाखवली. "पाच मिनिटं गप बस. मोबाइल खिशात." मग दोनदा मोजलं. वरचा आकडा एकशे सत्तरच्या घरात.

"वय किती रं बाळा?"

"सव्वीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, लिहू नका. काम जाईल माझं."

"वर चक्कर आली तर काम ऱ्हाईल व्हय?"

त्यांनी लिहिलं. आणि मला तसंच मनगटाला धरून सेफ्टीच्या साहेबांपुढं उभं केलं. "ह्यो खाली काम करील. मी सांगंन तवा वर चढवा." साहेबांनी तिथंच सही केली. मी स्टोअरला लागलो. दौंडच्या डॉक्टरांची गोळी सुरू झाली, खोलीतली लोणच्याची बरणी गेली. पाळी सुटली की रोज सिस्टरांपुढं हात धरायचा. काही महिन्यांनी आकडा खाली आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी मला दिली.

मग त्यांचं कंत्राट संपलं. शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा तसाच ठेवून त्या मशीन घेऊन कँटीनमध्ये आल्या आणि माझ्या जोडीदाराला म्हणाल्या, "बस."

"मी कशाला? माझ्या हातावर तर पोरं पास झाली."

"आठ जणांच्या नावानं आलाय तुझा हात. काल रजिस्टर काढून बघितलं, त्या नावांपुढचा तुझा आकडा पासच्या आत, पण दर बारीला चढत गेलाय. तुझ्या सोताच्या नावाची ओळ एक बी न्हाई त्यात."

आमटीची बादली बाजूला ठेवून तो बसला. पाच मिनिटं सिस्टरांनी त्याला तसंच बसवून ठेवलं, मग मोजलं. एकशे छप्पन्न. "मशीन बिघडलंय," म्हणून तो हसला. सिस्टरांनी दुसऱ्या हाताला पट्टा लावला. तोच आकडा आला. मग तो हसला नाही.

"उद्या नव्या बाईकडं जा. आन् ह्याच्यासंगं दौंडला," माझ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, आणि चारच्या बसनं गेल्या. आमच्यातल्या कोणीच कधी त्याची चौकशी केली नव्हती, मीसुद्धा. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गेलो. खुर्चीत नवीन सिस्टर होत्या.

"नाव?" त्यांनी विचारलं.

त्यानं सवयीनं माझं सांगितलं. मग थांबला, आणि हळूच स्वतःचं सांगितलं.