न पेटलेली बीडी

दिग्रसच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या गाडीवरच्या म्हाताऱ्यानं बीडी काढली. मागच्या गाडीत आमचा वर्षभराचा कापूस होता. घरातला पहिला बी.ए. मीच; भिंतीवरची धूम्रपानबंदीची पाटी मी त्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

"बीडी ओढाचा मले हक्क नाई का, बाबू?"

"हाय ना, काका. पन माह्या कापसाले वाचाचा हक्क नाई का?"

त्यानं विचार केला आणि काडेपेटी माझ्या हातात ठेवली. "काडी तुह्यापाशी, बीडी माह्यापाशी. झाला फैसला."

मग दिवसभर तो न पेटलेली बीडी ओढत बसला. मधूनमधून राखही झटकायचा. दुपारी कापसाच्या तुसानं मला खोकला आला. त्यानं घाईघाईनं तोंड पलीकडं वळवलं.

"धूर लागला का, बाबू?"

"थोडासा," मी म्हणालो.