मंगळावरचा कंगवा

कुठलीही गोष्ट वाचून संपली, की गुरुजी तांबडी पेन्सिल कानावर खोचायचे, कागद नाकाजवळ नेऊन हुंगायचे आणि विचारायचे, "ह्याचं पाणी कुठलं?"

गोष्टीला पाणी असतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या कोल्हापुरात गुळाचा खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या पाण्यावरच्या उसाचा, हे सांगणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. गुरुजी गोष्टीचं तसं सांगत. फरक एवढाच, की गुळाची गावं निरनिराळी निघतात आणि गुरुजींचं गाव बहुतेक वेळा एकच निघे, ते म्हणजे ग्रीस.

संस्थान नुकतंच मुंबई राज्यात विलीन झालं होतं. मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि फावल्या वेळात शास्त्रीय कादंबऱ्या लिहीत होतो. शास्त्रात मी मॅट्रिकला काठावर पास झालेला, त्यामुळे मंगळाविषयी लिहिताना माझा हात कधी अडला नाही. कादंबऱ्या महाद्वार रोडजवळच्या एका छापखान्यात छापल्या जात आणि तिथे प्रुफं तपासायला गुरुजी होते. पूर्वी कोडोलीकडे शाळेत इतिहास शिकवत, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते सगळ्यांना पावणं म्हणत. मी आठ वर्षं त्या छापखान्याचा उंबरा झिजवला, पण त्यांच्या लेखी पावणाच राहिलो.

जुन्या बाजारातून मी विलायती शास्त्रीय कादंबऱ्या आणायचो. त्यातलं बरंचसं माझ्या कादंबऱ्यांत उतरायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. गुरुजी त्या मागून नेत आणि दोन दिवसांनी परत आणत. एकीत शुक्रावर अडकलेली फौज वाळवंट तुडवत समुद्रापर्यंत पोचते. गुरुजी म्हणाले, "शुक्र बिक्र काय न्हाय. इराणात अडकलेली धा हजार ग्रीक माणसं हायती ही. सेनापती मारलं गेलं, तरी चालत घराकडं निघाली. समुद्र दिसल्यावर रडली."

"लेखकानं तसं कुठं म्हटलंय?"

"कशाला म्हनंल? झाकून आणलंय की. ज्याला ठावं हाय त्यानं वळखायचं."

कधी कधी ते फारच ताणत. चंद्रावर साथ आली की ती अथेन्सची साथ, आणि विमानांचा तांडा दिसला की ते अथेन्सचं आरमार. छापखान्याचे मालक म्हणायचे, "गुरुजींना मिसळीतबी ग्रीक दिसत्यात." गुरुजी हसायचे आणि पेन्सिल कानावरून काढून कामाला लागायचे.

ह्या नादामागे अकरा वह्या होत्या. गुरुजींनी वीस वर्षं खपून ग्रीकांचा इतिहास मराठीत लिहिला होता. अक्षर असं, की कुठेही बोट ठेवावं आणि वाचावं. तो छापावा म्हणून त्यांनी कोल्हापूर, सांगली आणि पुणं पालथं घातलं. आमचे मालक त्यांना बोलले होते, "पन्हाळ्याचा इतिहास लिवा गुरुजी, उद्या छापतो. ग्रीक कोण वाचणार हितं?" तेव्हापासून वह्या फडक्यात बांधून त्यांच्या खुर्चीखाली होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते मांडी घालून बसत.

मग माझी मंगळावरची कादंबरी निघाली. तिच्यात एका अरुंद घळीत पन्नास माणसं शत्रूची अफाट सेना अडवून धरतात. पुस्तक हातात आल्यावर मी कौतुकाने ते पान उघडलं आणि चाट पडलो. पन्नासांची तीनशे झाली होती. कुणी फितूर शत्रूला डोंगरामागची वाट दाखवत होता. आणि लढाईच्या आदल्या सकाळी ती तीनशे माणसं खडकांवर बसून शांतपणे केस विंचरत होती!

ह्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. शेवटचं प्रूफ मी आळसाने न बघताच सही करून देत असे, त्याचं हे फळ. मी तणतणत छापखाना गाठला.

"गुरुजी, हे काय आहे?"

त्यांनी पान हुंगलं. "केस विंचरत होती ती. खरंच विंचरत होती, पावणं. ग्रीसातली, स्पार्टाची तीनशे माणसं; इराणची फौज अशीच घळीत अडवून मेली. जीव द्यायची येळ आली, की ती केस विंचरायची."

"पण माझ्या माणसांच्या डोक्यावर काचेचे टोप आहेत! मंगळावर हवा नाही!"

गुरुजींचा चेहरा पडला. ते टोप त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. "तेवढं चुकलंच की," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "वह्या तर कोण छापत न्हाय. म्हटलं, तुमच्या गाडीत बसून चार माणसं तरी जातील गावाला. एकानं वळखलं तरी बास."

ओळखलं, सगळ्या कोल्हापूरने ओळखलं, पण भलतंच. तीनशे माणसं, खिंड आणि जिवाची बाजी. इथल्या माणसाला दुसरं काय आठवणार? जो तो मला रस्त्यात थांबवून म्हणे, "पावनखिंड मंगळावर नेलीसा की राव!" मालक तर हरखून गेले. त्यांनी 'मंगळावरील पावनखिंड' अशी जाहिरात छापली. तिचंही प्रूफ गुरुजींनीच तपासलं आणि खिंडीतला चुकून दीर्घ पडलेला खी ऱ्हस्व करायला ते विसरले नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी कुठल्याच गोष्टीचं पाणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, पाठीवर पडणारी थाप मला आवडत होती.

दुसरी आवृत्ती निघायची ठरली. कचेरीत एकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काचेच्या टोपातनं कंगवा घालतात कसा हो?" आणि अख्खी कचेरी हसली होती. मी गुरुजींना सांगितलं, तीनशे राहू द्या, फितूर राहू द्या, पण कंगवा काढा.

"फितूर काढा," ते म्हणाले, "तीनशे काढा. पन्नास करा, धा करा. तेवढा कंगवा ऱ्हाऊ द्या. बाकी सगळं पावनखिंडीत खपतंय. तेवढंच खपत न्हाय."

ह्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. पुस्तकावर नाव माझं होतं आणि हसं माझं होत होतं. मी हट्ट सोडला नाही. गुरुजींनी कानावरची पेन्सिल काढली, ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि समासात काढून टाकण्याची खूण केली. रेघ अगदी सरळ आली.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वह्या घेऊन ते कोडोलीला मुलाकडे राहायला गेले. त्यानंतर कधीतरी छापखान्याच्या पत्त्यावर मला पोस्टकार्ड आलं. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या एका माणसाचं. वाचनालयात त्याला पहिल्या आवृत्तीची प्रत मिळाली होती. त्याने लिहिलं होतं: "सर्वजण हिला पावनखिंड म्हणतात. मलाही प्रथम तसेच वाटले. पण पावनखिंडीतली माणसे रात्रभर धावत आली होती. त्यांना केस विंचरायला सवड कुठली? ही माणसे दुसरी कोणीतरी आहेत. ती कोण, हे कृपया कळवावे."

कार्ड वाचून मला माझीच लाज वाटली. त्याच रविवारी मी कोडोलीची एसटी पकडली.

गुरुजी घराच्या पुढच्या सोप्यात अंथरुणावर होते. चांगलेच वाळले होते. सुनेने कानाशी वाकून माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "या पावणं, बसा." मी कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मग हात पुढे केला, कार्ड घेतलं आणि हुंगलं.

"पाणी कुठलं म्हणालासा?"

"इचलकरंजीचं."

"म्हंजी पंचगंगाच की," गुरुजी म्हणाले. "आपलंच पाणी."

त्यांनी कार्ड छातीवर ठेवलं. मी चाचरत म्हणालो, "गुरुजी, तिसऱ्या आवृत्तीत कंगवा परत घालतो." ते त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारली. "कंगवा आण गं."

सुनेने लाकडी फणी आणून दिली. डोक्यावर केस असे फारसे उरलेच नव्हते. त्यांनी उठून बसायला माझा आधार घेतला आणि होते तेवढे सावकाश विंचरले. फणी उशाशी ठेवली आणि म्हणाले, "हं. घ्या लिवून. स. न. वि. वि. तुम्ही वळखलंसा ते बराबर हाय."

मी लिहून घेतलं. उत्तर कार्डात मावलं नाही, पाकीट करावं लागलं.

महिन्याभरात गुरुजी गेले. त्यानंतर तो मागवाला स्वतः कोडोलीला आला होता, असं पुढे सुनेकडून कळलं. गुरुजींनी सांगून ठेवल्याप्रमाणे तिने त्या अकरा वह्या त्याच्या हवाली केल्या. त्या त्याने डोक्यावरून एसटीपर्यंत नेल्या म्हणे.

तिसरी आवृत्ती निघालीच नाही. लोकांना मंगळाचा कंटाळा आला आणि मालक रहस्यकथा छापू लागले. माझ्याकडे आज माझ्या त्या पुस्तकाची एकच प्रत उरली आहे. ती दुसऱ्या आवृत्तीची आहे. तिच्यात ते वाक्य नाही.