चूक काढून द्या

नालवाडीत आमच्या गल्लीतल्या एका वेल्डरच्या दुकानात तूर भरडायची एक लहान मशीन कितीतरी महिने अर्धवट उभी होती. गावोगावी अशी मशीन पोचवायची, हे त्याचं वेड. पण मदत तो कधी मागायचा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून म्हणायचा, "भाऊ, याच्यात चूक काढून द्या ना मले."

एकदा मी थट्टेनं म्हटलं, "पट्टा निसटते तुझा." दुसऱ्या दिवशी पट्ट्याचं चाक बदललेलं आणि त्यावर खडूनं माझं नाव. इतर भागांवरही अशीच शेजाऱ्यांची नावं होती.

मशीन चालू करायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. तूर ओतली, मशीन घरघरली आणि थांबली. कोणीच हसलं नाही. बाह्या सरसावत मीच पुढे झालो, "थांब गड्या, आपला पट्टा निसटला."