टाचणीचं शिक्षण

मिस्त्रींना त्यांच्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. कारखान्यात मिस्त्री, गल्लीत मिस्त्री, आणि घरात बायकोचा पारा चढला की तिथेही ‘अहो मिस्त्री’. उभा जन्म लाकडात गेला होता. दारं केली, खिडक्या केल्या, लोकांच्या लग्नाचे पलंग केले. आता वय झालं म्हणून मालकाने त्यांना करवतीच्या मशीनवर उभं केलं होतं. फळी सरकवायची, कापायची, बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची. डोकं लागत नाही, फक्त कंबर लागते, असं मिस्त्री म्हणायचे. पण ती कंबरच आता त्यांच्याजवळ फारशी शिल्लक नव्हती.

संध्याकाळी घरी आले की चप्पल दारात, पिशवी खुंटीला आणि मिस्त्री कपड्यांसकट खाटेवर. चहासुद्धा आडवं राहूनच प्यायचे. यावरून बायकोने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तोंड वाजवलं होतं.

“अहो, निदान अंगावरचा भुसा तरी झटकून या. अंथरुणात भुसा, डब्यात भुसा. काल माझ्या केसांतून निघाला.”

मिस्त्री ‘हो’ म्हणायचे आणि कूस बदलायचे. पालथ्या घड्यावर पाणी. बायकोलाही ते माहीत होतं, तरी ती रोज ओतत होती.

अशा या घरात एक दिवस लेक परत आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात भाजीची झाकणाची टोपली. नवरा मारहाण करणारा नव्हता, दारुडा नव्हता. त्याला एकच सवय होती. काहीही झालं की म्हणायचा, ‘माझ्या घरात हे चालायचं नाही.’ पडदा बदलला, चालायचं नाही. मैत्रीण आली, चालायचं नाही. शेवटी लेकीने जिन्यातून मांजराचं एक भिजलेलं पिल्लू उचलून आणलं, तेव्हा तो म्हणाला, ‘एक तर हे राहील, नाहीतर तू.’ इतकी वर्षं मुकाट ऐकणारी ती बाई त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, पिल्लू टोपलीत घालून निघाली.

पिल्लू मूठभर होतं. नखं मात्र अशी, की धरलं की टोचायचीच. म्हणून नाव पडलं टाचणी.

लेक फारसं बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेव म्हटलं तर दोन घास खायची. उठायची ती फक्त टाचणीसाठी. बॅग तिने उघडली होती, पण रिकामी केली नव्हती. एक कपडा काढायची, धुऊन परत त्यातच ठेवायची. नवऱ्याचे फोन येत होते. पुढच्या रविवारी न्यायला येतो, झालं गेलं विसरू, मांजर मात्र तिकडेच सोड, असं त्याचं म्हणणं. लेक हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

इकडे टाचणीने आल्या दिवशीच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कार्यक्रम उरकला होता. मिस्त्रींच्या बायकोने पदर नाकाला लावून फडकं मारलं आणि जाहीर केलं, “माझे गुडघे असे. हिला जागेवर जायला शिकवा, नाहीतर मी कुणाला तरी देऊन टाकीन.” ती काही दुष्ट नव्हती. घर पुसून पुसून माणसाचं जे होतं, ते तिचं झालं होतं.

लेकीने ते ऐकलं. टाचणीला उचलून ती आत गेली. मिस्त्री तिच्या त्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत राहिले. मांजर गेलं की हिला इथे धरून ठेवणारं काही उरणार नाही, ही तिकडे परत जाईल आणि पुन्हा मान खाली घालून बसेल, हे त्यांना लख्ख दिसलं. ते म्हणाले, “मी शिकवतो.”

“तुम्ही?” बायको म्हणाली. “स्वतः कधी शिकलात काही?”

मिस्त्रींनी उरल्यासुरल्या पट्ट्यांचा एक उथळ डबा ठोकला. पिल्लाला चढता यावं म्हणून एक बाजू बुटकी ठेवली, कडा घासून गुळगुळीत केल्या. आत घालायला काय, तर कारखान्यात पडलेला भुसा. फुकटचा, कोरडा, हवा तेवढा. करवतीखालचा ढीग पोत्यात भरून ते घरी आणू लागले. टाचणीचं खाणं झालं की तिला उचलायचं, डब्यात ठेवायचं. ती बाहेर उडी मारी, की परत ठेवायचं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेला हा माणूस डब्यासमोर उकिडवा बसून बोटाने भुसा उकरून दाखवायचा. “असं. आधी असं उकरायचं. मग बसायचं. मग झाकायचं.” उकरण्यापुढचं फक्त तोंडीच सांगत होते, एवढं नशीब.

टाचणी हुशार निघाली. दोन-चार दिवसांत स्वतःहून डब्यात जाऊ लागली. उकरायची, गंभीर चेहरा करून बसायची, मग नीट झाकायची. मिस्त्रींना कुणी मेडल दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता. लेकही दारात उभी राहून बघायची.

आणि मग एका संध्याकाळी मिस्त्रींची खाट ओली निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांची पँट. तिसऱ्या दिवशी खुंटीवरून खाली पडलेली त्यांची पिशवी. घरात बायकोचं अंथरूण होतं, लेकीचं होतं, गाद्या होत्या, पायपुसणी होती. टाचणीने कशाला म्हणून तोंड लावलं नाही, म्हणजे जे लावायचं ते लावलं नाही. फक्त मिस्त्रींच्या वस्तू.

“हिने बरोबर ओळखलंय माणूस,” बायको चादर भिजत घालत म्हणाली. पहिल्या दिवशी ती हसली होती. तिसऱ्या दिवशी हसली नाही. “मी रोज एवढ्या चादरी धुवायच्या का आता? मला होत नाही.”

मिस्त्रींनी सगळं करून पाहिलं. खाट सोड्याने घासली. टाचणीला रागावले. मग वाटलं, पोरका जीव, त्याला कशाला रागवायचं, म्हणून गोंजारलं. कारखान्यातला पॉलिशवाला म्हणाला, “मिस्त्री, मांजराला वाळू लागते. भुशाने काय होतंय.” म्हणून वाळू आणून डब्यात घातली. टाचणीने वाळूत एक पाय टाकला, झटकला आणि तोंड फिरवलं. दिवसभर दम धरून बसली. संध्याकाळी मिस्त्री येऊन आडवे झाले, तशी त्यांच्या पोटावर चढली, शर्ट पुढच्या पायांनी जरा उकरला, आणि मिस्त्री ‘अगं अगं’ म्हणेपर्यंत मोकळी झाली.

ओला शर्ट लेकीने धुवायला घेतला. पिळता पिळता ती म्हणाली, “तिला कळतं बाबा. आपण इथे नको आहोत हे जनावरालाही कळतं.”

यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. मिस्त्रींना ते कळत होतं. पण दिवसभराच्या मशीनचा आवाज अजून कानात घरघरत होता, आणि शब्द जुळवायला बळ लागतं. लेकीने शर्ट वाळत घातला, आत जाऊन बॅग काढली आणि वरचे कपडे नीट घडी करून खाली दाबले. रविवार परवावर आला होता.

शनिवारी मशीनवर मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. एक फळी चुकीची कापली. मालकाने ती नुसती बाजूला ठेवली, हेच त्यांना जास्त लागलं. वाळू तर फुकट गेली, म्हणून दुपारी ते पुन्हा भुसा भरायला करवतीखाली बसले. वाकले तसा त्यांच्या खिशातून, बाह्यांच्या घडीतून, केसांतून भुसा भुरुभुरु ढिगावर पडला.

पॉलिशवाला म्हणाला, “पोतं कशाला नेता, मिस्त्री? तुम्ही नुसते घरी जा आणि झटका. डबा भरेल.”

मिस्त्री हसायला गेले आणि तसेच थांबले. हातातल्या भुशाकडे बघितलं. मग शर्टाकडे. शर्ट नाकाशी नेऊन हुंगला. त्यांना स्वतःला काहीच वास आला नाही, कारण तो वास त्यांना येणं कधीच बंद झालं होतं. पण ते मूठभर पिल्लू काय हुंगत असेल, हे त्यांना आता कळलं. ‘भुशात जा’ म्हणून त्यांनीच तिला जीव तोडून शिकवलं होतं, आणि भुसा तर संध्याकाळी स्वतःच्या पायांनी चालत घरी येत होता.

त्यांनी मालकाकडे अर्धा दिवस मागितला. आयुष्यात मागितला नव्हता, त्यामुळे मालकाने कारणसुद्धा विचारलं नाही.

घरी पोचले, पण आत गेले नाहीत. बाहेरच्या नळाखाली बसले आणि बादलीभर गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. गल्लीतली दोन माणसं बघत उभी राहिली. मिस्त्रींनी दारातून हाक मारली, “अगं, धुतलेले कपडे दे. आणि खाटेवरची चादर काढ, कपाटातली घाल.”

“बरं वाटत नाहीये का?” बायकोने घाबरून विचारलं.

“दे गं. मग सांगतो.”

कामाचे कपडे त्यांनी बाहेरच दोरीवर टाकले. डब्यात पुन्हा भुसा घातला, हात धुतले आणि खाटेवर आडवे झाले. टाचणी नेहमीप्रमाणे आली. पोटावर चढली. शर्ट एकदा उकरला. थांबली. नाक लावून इकडून तिकडून हुंगलं. सकाळपासून दम धरलेली, बिचारीची चुळबूळ चालली होती. मग खाली उतरली आणि तुरुतुरु डब्यात गेली. तिघंही जिथे होती तिथूनच एका मांजराला मुतताना बघत होती, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मिस्त्रींनी मग सांगितलं. बायको आधी हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम तिचा पारा चढला. “म्हणजे मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते हवेत गेलं. आणि ही काल आलेली...”

“खरंय तुझं,” मिस्त्री म्हणाले. एवढं त्यांनी कधीच कबूल केलं नव्हतं, त्यामुळे तिला पुढे भांडता येईना.

लेक हसली नव्हती. ती म्हणाली, “म्हणजे आता तुम्ही रोज बाहेर आंघोळ करून आत येणार? थंडीत पण? एका मांजरासाठी?”

“मांजरासाठी कशाला येईन मी.” मिस्त्री उठून बसले. आज शब्द जुळवायचेच होते, दमणूक असली तरी. “तिने डबा शिकायचा तेवढा शिकला. घरात राहायचं तर सगळं येणाऱ्यानेच शिकायचं, असं कुठे आहे? थोडं घरानेही शिकावं. तू जाऊ नकोस. उद्या तो आला की तू काय सांगायचं ते सांग, मी शेजारी बसतो. पण मला विचारशील तर, जाऊ नकोस.”

लेक आत गेली. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बायकोने मिस्त्रींकडे बघितलं, मिस्त्रींनी जमिनीकडे. आपलं बोलणं कमी पडलं, असंच त्यांना वाटलं.

लेक बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर कपड्यांची चळत होती.

“बाबा, आतल्या भिंतीला एक फळी मारून द्याल? हे ठेवायला जागाच नाही.”

“अगं, ते दमलेत, उद्या मारतील,” आई म्हणाली.

“दमलोय,” मिस्त्री म्हणाले, आणि गुडघ्यावर हात रेटून उभे राहिले. “किती लांबीची हवी?”

लेकीने भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघितलं.

“भिंतभर,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी टेप काढली, तिचं टोक लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाले, “जा, त्या कोपऱ्यात धर.”