चाळणीताईंनी आलेख उघडला

वेधशाळेत त्यांना सगळे चाळणीताई म्हणत. कामच तसं होतं. क्वासार म्हणजे दूरदूरच्या दीर्घिकांच्या पोटातले धगधगते गाभे. त्यांचा अतिनील आणि क्ष-किरण प्रकाश ताडून पाहिला की खरं तेज कळतं, आणि ते इथून किती मंद दिसतं यावरून अंतर. पण मध्ये धूळ आडवी आली की तेज झाकोळतं नि अंतराचा पार विचका होतो. असे धुळकट क्वासार ताई रंगावरून हुडकून बाजूला काढत. आणि चाळताना अंतराचा आलेख उघडायचा नाही, हा नियम त्यांचाच! "आलेख दिसला की हात लबाडी करतो," असं नव्या पोरांना दटावणाऱ्याही त्याच.

या खेपेला मात्र त्यांनीच तो उघडला. कारण काय, तर त्यांच्या हाताखाली शिकलेली संशोधक मुलगी. आलेखात एकेका क्वासारचा एकेक ठिपका, पण तिचे ठिपके काही केल्या अपेक्षित रेषेवर बसत नव्हते; काळजीनं पोरगी वाळून अर्धी झाली होती. ताईंना ती लेकीसारखी. मग काय, रेषेपासून भरकटलेले ठिपके त्यांनी रंग न बघताच धुळकट ठरवून उडवले. आलेख कसा देखणा झाला! मुलगी गळ्यातच पडली. "ताई, जादू केलीत की काय?"

त्या दिवसापासून ताईंना अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, "भाजीत मीठ नाही." एरवी त्याची धडगत नव्हती; आता त्यांनी मुकाट्यानं मीठ पुढे सरकवलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! उद्या सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

अन् एका दुपारी मुलगी डोळे सुजवून आली. दुसऱ्या वेधशाळेनं चाळलेले क्वासार आलेखात जोडताच तिची रेषा मोडली होती.

"माझ्या मार्गदर्शक सरांना सांगून आले, ताई. प्रबंध मागे घेतलाय."

"अगं, पण का?"

"माझंच गणित कुठेतरी चुकलंय. सर म्हणाले, चाळणी तपासून बघ. मी म्हटलं, गरजच नाही, चाळलंय ताईंनी."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "सरांकडे चल. तुझं गणित बरोबर आहे."

जिन्यात त्यांची पायरी चुकली. मुलीनं पटकन त्यांचा हात धरला.

"माझ्यापायी एवढा त्रास नका हो करून घेऊ," ती म्हणाली, आणि सरांच्या दारापर्यंत तिनं तो हात सोडला नाही.