भायखळ्याहून चालत आलेली बाई

माझं पहिलं मूल कोकणात, सासरच्या घरी झालं आणि रडलंच नाही. ते पायाकडून आलं होतं. सुईण घामाघूम झाली, सासूबाईंनी ग्रामदेवीला नवस बोलला, आणि शेवटी कुणीतरी ते फडक्यात गुंडाळून बाहेर नेलं. त्यानंतर मी देवापुढे हात जोडले नाहीत. लालबागच्या आमच्या खोलीत सासूबाई दिवा लावत, तेव्हा मी पाण्याची कळशी घेऊन नळावर निघून जाई. अशा बाईने कृपेबद्दल लिहावं का, असं आजही मनात येतं. पण घडलं ते सांगते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दुसऱ्या खेपेला, नववा लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "हेही पायाळू आहे. घरी बाळंत व्हायचं नाही. कळ आली की तडक परळच्या इस्पितळात." मी हादरले. तिथे आपलं माणूस आत सोडत नाहीत, आत काय करतात ते कुणाला कळत नाही, एवढंच चाळीत ऐकलं होतं.

कळा आल्या त्या नेमक्या हरताळाच्या सकाळी. गिरणी बंद, ट्राम बंद, टांगेवाला बाहेर पडायला तयार नाही. आमचे हे मोर्चाला गेलेले. सासूबाई आणि मी चालतच निघालो. थोडं चाललो आणि कंबरेतून अशी कळ गेली की एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसूनच राहिले. सासूबाई रडत म्हणाल्या, "देवाक हाक मार गो बाय."

"तो ऐकत नाही," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं होतं.

तेवढ्यात भायखळ्याच्या बाजूने एक बाई झपझप येताना दिसली. पांढरं सुती लुगडं, पायात चपला, चेहरा उन्हाने तापलेला. ती थांबली, माझ्या पोटावर हात ठेवून कळ ओसरेपर्यंत तसाच राहू दिला, आणि म्हणाली, "चल. मी तिथेच आया आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. रोज ट्रामने सातलाच पोचते. आज ट्राम नाही म्हणून पायी निघाले, उशीर झाला."

ज्या हरताळाला मी मघापासून शिव्या घालत होते, त्यानेच तिला या रस्त्यावर आणलं होतं.

नाक्यावर पोलिसाने दंडुका आडवा धरला. ती म्हणाली, "अडवा की. मग हिचं बाळंतपण तुम्हीच करा." तो ओशाळून बाजूला झाला. पुढे सगळी वाट ती मला सांगत होती. "दारात सासूला थांबवतील. घाबरायचं नाही, मंगळसूत्र सासूच्या हाती द्यायचं. तुझं लुगडं काढून झगा देतील. एनिमा देतील, लाजू नको, सगळ्यांना देतात. नर्स लाकडी नळी पोटाला लावेल, ती बाळाचे ठोके ऐकते. डॉक्टर आतून तपासतील, तेव्हा अंग सैल सोड. जोर करावासा वाटेल, पण त्या सांगेपर्यंत करायचा नाही. तोंडाने श्वास सोडत राहायचं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाळ लगेच रडलं नाही, तर जीव सोडू नको. नळीने तोंडातलं पाणी ओढतात, पाठ चोळतात. वेळ लागतो."

पहिल्या बाळाचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

सगळं तसंच घडत गेलं. दार, झगा, लाकडी नळी. परक्या माणसांत मी एकटी होते आणि तरी पुढचं पाऊल कुठे पडणार ते मला ठाऊक होतं. दुपारी खोलीत एकदम धावपळ झाली. डॉक्टर म्हणाल्या, "पाय दिसले. आता जोर करू नका." सारं शरीर जोर मागत होतं. मी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत कुणाला तरी म्हणाले, आता तुझं तू बघ. मागणं नव्हतं ते, तक्रारही नव्हती. मूठ आपोआप उघडावी तसं झालं.

मग डॉक्टर म्हणाल्या, "आता." आणि नंतर शांतता. तीच, कोकणातल्या घरातली. नळीचा आवाज, पाठ चोळल्याचा आवाज. माझ्या कपाळावर त्या बाईचा हात होता. कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. "वेळ लागतो," ती म्हणाली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग माझी लेक रडली. मला रडू आलं नाही, मी नुसती तो आवाज ऐकत राहिले. एवढ्या मोठ्या कशाच्या तरी समोर आपण आहोत, असं पुन्हा कधी वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी सासूबाईंना आत सोडलं, तशा त्या त्या बाईच्या पायांवर वाकल्या. "माझी देवीच आलीस गो तू." ती पटकन मागे सरली. "देवी नको करू, आजी. आम्ही बुद्धाच्या मार्गाने जाणारी माणसं. मी माझ्या ड्युटीवर निघाले होते, एवढंच." सासूबाईंनी जन्मभर शिवाशीव पाळली होती. त्या क्षणभर घुटमळल्या, मग उठून त्यांनी तिला कवेत घेतलं आणि तिच्या हातचा चहा माझ्या खाटेवर बसून प्यायल्या.

ती देव मानत नव्हती, आणि माझा देव मला तिच्या हातात भेटला. हे कोडं मी सोडवायला गेले नाही. आता मी रोज हात जोडते, पण काही मागत नाही. जे येईल त्याला अंग सैल सोडून सामोरी जाते, आणि ते ज्याच्या हातून येईल त्याला नमस्कार करते.